रक्ताची साक्ष

माणसाच्या अब्रूचा आणि त्याच्या रोगाचा संबंध काही विकारांच्या बाबतीत जितका निकट आला आहे, तितका तो इतरत्र क्वचितच आढळतो. पटकीने, देवीने, प्लेगाने लक्षावधी माणसे नेली. परंतु पटकी झाली म्हणून कोणास तोंड लपवावे लागले नाही. गरमी आणि परमा ह्यांची गोष्ट निराळी. हे शब्द घरात मोठ्याने उच्चारले जात नसत, आणि ज्यास त्या व्याधी जडत तो वैद्याच्या दाराशी जाण्यापूर्वी दहा वेळा मागे वळून पाही. म्हणूनच ह्या रोगांच्या परीक्षेचा इतिहास हा केवळ सूक्ष्मदर्शकाचा आणि काचनळ्यांचा इतिहास नाही. कोणाचे रक्त कोणी घ्यावे, कशासाठी घ्यावे, आणि त्यातून निघालेला निकाल कोणाच्या हाती जावा, ह्या प्रश्नांचाही तो इतिहास आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या टेबलावर वैद्यकीय दाखले आणि अहवाल येत असतात, व त्यांवर शेरा मारण्याचे काम त्यांस करावे लागते. त्यांनी हा इतिहास एकवार नजरेखालून घालावा, एवढ्याच हेतूने आम्ही तो येथे थोडक्यात मांडीत आहो.

आपल्याकडील ग्रंथांत ह्या रोगाची नोंद कशी झाली, ते प्रथम पाहू. सुश्रुताने वर्णिलेला 'उपदंश' जुना आहे; पण आज ज्यास आपण उपदंश म्हणतो तो रोग भावमिश्राने सोळाव्या शतकात 'फिरंग' ह्या नावाने निराळा वर्णिला, आणि त्यावर रसकर्पूर व चोपचिनी ह्यांचा उपचार सांगितला. नावातच आरोप आहे. १४९८ साली पोर्तुगीजांची गलबते कालिकतास लागली आणि त्यांच्यामागून हा पाहुणा आला, असे आपल्या वैद्यांनी मानले. युरोपात तरी ह्याहून निराळे काय घडत होते? १४९५ च्या सुमारास फ्रान्सच्या आठव्या चार्लसच्या सैन्यात इटलीमध्ये हा रोग भडकला, तेव्हा फ्रेंचांनी त्यास नेपल्सचा रोग म्हटले आणि इटालियनांनी फ्रेंचांचा! ज्या नावाने आज जग त्यास ओळखते ते 'सिफिलिस' हे नाव फ्राकास्तोरो नामक इटालियन वैद्यकवीने १५३० साली आपल्या काव्यातील एका मेंढपाळास दिलेले होते. रोग नेहमी परक्याचा असतो, आपला कधीच नसतो, ही समजूत एवढी जुनी आहे.

प्रयोगशाळा जन्मास येण्यापूर्वी निदानाचे साधन एकच होते, ते म्हणजे डोळा. आणि डोळा किती फसतो ह्याचे मासलेवाईक उदाहरण लंडनच्या जॉन हंटरचे आहे. हंटर हा अठराव्या शतकातील अग्रगण्य शस्त्रवैद्य. १७६७ साली त्याने परम्याचा पू टोचून प्रयोग केला. टोचलेल्या जागी उपदंशाची लक्षणे उमटली, आणि परमा व उपदंश हे एकाच विषाचे दोन आविष्कार आहेत असा त्याने निष्कर्ष काढला. ज्या रोग्याचा पू घेतला होता त्यास दोन्ही रोग असावेत, ही साधी शक्यता त्याच्या ध्यानी आली नाही. हंटरच्या अधिकारामुळे ही चूक कित्येक दशके टिकली. १८३८ साली पॅरिसच्या फिलिप रिकोरने हे दोन रोग भिन्न आहेत असे सिद्ध केले, तेव्हा कोठे ती मागे पडली.

डोळ्यावर विसंबलेल्या ह्याच काळात सरकारने कायदे केले. इंग्रजी फौजेतील शिपायांना हे रोग फार जडत. त्यावर उपाय म्हणून १८६४ च्या छावणी कायद्यान्वये छावण्यांतील वेश्यांची नोंद करण्यात आली, त्यांची ठराविक मुदतीने तपासणी होऊ लागली, आणि ज्या रोगी ठरत त्यांस 'लॉक हॉस्पिटल' ह्या नावाच्या इस्पितळांत कोंडून ठेवण्यात येई. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने हीच पद्धत मोठ्या शहरांत आणली. मुंबईतही तो काही काळ अमलात होता. शिपायाची तपासणी होत नसे, किंवा झाली तरी तीत ही सक्ती व ही अप्रतिष्ठा नसे. इंग्लंडात जोसेफाइन बटलर ह्या बाईंनी अशाच कायद्यांविरुद्ध चळवळ उभारली, तिचा जोर हिंदुस्थानासही पोचला, आणि १८८८ साली येथील कायदा रद्द झाला. ह्या सर्व खटाटोपात जी गोष्ट आज आपणांस चकित करते ती ही की, तपासणी करणाऱ्यापाशी रोग ओळखण्याचे खात्रीलायक साधनच नव्हते. ज्या स्त्रीस कोंडले तिला रोग असेलच असे नव्हते, आणि जिला सोडले ती निरोगी असेलच असेही नव्हते. सक्ती आधी आली आणि ज्ञान मागाहून आले.

हे ज्ञान येण्यास प्रारंभ झाला तो १८७९ साली. त्या वर्षी ब्रेस्लाउ येथील आल्बेर्ट नाइसर ह्या तरुण डॉक्टरला परम्याच्या पुवात जोडीजोडीने बसलेले जंतू दिसले. १८८४ साली हान्स क्रिस्त्यान ग्राम ह्या डॅनिश संशोधकाने जंतूंना रंग देण्याची जी रीत काढली, तीमुळे हे जंतू ओळखणे सोपे झाले. आजही लहानशा दवाखान्यात पुरुषाच्या परम्याचे निदान ह्याच रीतीने पाच-दहा मिनिटांत होऊ शकते. उपदंशाचा जंतू मात्र दीर्घकाळ हुलकावणी देत राहिला. १९०५ च्या मार्च महिन्यात बर्लिनच्या शारिते इस्पितळात फ्रिट्झ शाउडिन हा प्राणिशास्त्रज्ञ आणि एरिख हॉफमान हा त्वचारोगतज्ज्ञ ह्या दोघांना एका रोग्याच्या स्रावात मळसूत्रासारखा पिळदार, फिकट, जेमतेम दिसणारा जीव हालताना आढळला. दुसऱ्याच वर्षी शाउडिन मरण पावला. त्याचे वय अवघे ३४ होते.

जंतू सापडला तरी अडचण सरली नाही. उपदंशाची पहिली जखम आपोआप भरून येते, पुढचे पुरळही मावळते, आणि मग रोग वर्षानुवर्षे शरीरात दडी मारून बसतो. कधी वीस वर्षांनी तो हृदयाच्या महारोहिणीवर किंवा मेंदूवर घाला घालतो. ह्या दडीच्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास जंतू मिळणार कोठून? तेव्हा रक्तालाच बोलते करणे भाग होते. हे काम १९०६ साली बर्लिनच्या आउगुस्ट फॉन वासरमान, त्याच नाइसर आणि कार्ल ब्रुक ह्यांनी केले.

वासरमानची परीक्षा ही कित्येक वर्षे जगातील सर्वांत प्रसिद्ध रक्तपरीक्षा होती. तिची रचना मोठी कौतुकास्पद आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. जूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू ह्या बेल्जियन शास्त्रज्ञांनी १९०१ साली असे दाखविले होते की, रक्तरसात एक 'पूरक' द्रव्य असते. प्रतिद्रव्य आपल्या शत्रूस भेटले की त्या भेटीत हे पूरक खर्ची पडते. वासरमानने ह्याचा उपयोग असा केला. रोग्याचा रक्तरस ५६ अंशांपर्यंत तापवून त्यातील मूळचे पूरक नष्ट करावयाचे. मग त्यात उपदंशी पदार्थाचा अर्क आणि गिनीपिगाच्या रक्तातील मोजके पूरक घालावयाचे. रोग्याच्या रक्तात उपदंशाची प्रतिद्रव्ये असतील तर हे पूरक तेथेच संपेल. नसतील तर ते शिल्लक राहील. पण शिल्लक राहिले की संपले, हे डोळ्यास दिसणार कसे? त्यासाठी नळीत मेंढीच्या रक्तपेशी, आणि त्या पेशींविरुद्ध सशाच्या रक्तात तयार केलेली प्रतिद्रव्ये घालावयाची. पूरक शिल्लक असेल तर मेंढीच्या पेशी फुटून नळीतील पाणी स्वच्छ तांबडे होते. संपले असेल तर पेशी तशाच तळाशी बसतात. म्हणजे नळी स्वच्छ लाल झाली तर माणूस सुटला, आणि गाळ बसला तर अडकला. मेंढी, ससा, गिनीपिग आणि माणूस अशा चौघांचे रक्त एका नळीत मिसळून त्यातून एका माणसाचे भवितव्य वाचावयाचे, अशी ही युक्ती होती.

आता ह्या कथेतील सर्वांत विलक्षण भाग पुढेच आहे. उपदंशाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविता येत नसे. तो नळीत सतत वाढता ठेवण्यास यश आले ते २०१८ साली, म्हणजे शाउडिननंतर एकशे तेरा वर्षांनी. म्हणून वासरमानने अर्क घेतला तो उपदंशाने मृत जन्मलेल्या अर्भकाच्या यकृताचा. त्या यकृतात जंतू ठासून भरलेले असतात आणि प्रतिद्रव्ये त्या जंतूंवरच काम करतात, असे त्याचे गृहीत होते. परंतु १९०७ सालीच कार्ल लांडस्टायनर आणि त्याचे सहकारी, तसेच इतर काही संशोधक, ह्यांना असे आढळले की, निरोगी प्राण्याच्या अवयवाचा मद्यार्कात काढलेला अर्क वापरला तरी परीक्षा तितकीच चांगली येते! जेथे उपदंशाचा एकही जंतू नाही अशा बैलाच्या हृदयाचा अर्क उत्तम ठरला. अर्थात ज्या उपपत्तीवर परीक्षा उभारली होती ती उपपत्तीच ढासळली. परीक्षा मात्र उभी राहिली. उपदंशात रोग्याचे शरीर स्वतःच्याच पेशींतील एका स्निग्ध द्रव्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनविते, आणि परीक्षेत ओळखली जातात ती हीच, हे पुष्कळ मागाहून उलगडले. न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेतील मेरी पँगबॉर्न ह्या रसायनविदुषीने १९४१ साली बैलाच्या हृदयातून ते द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले व त्यास 'कार्डिओलिपिन' म्हटले.

चुकीच्या गृहीतातून उपयुक्त सत्य कसे निघाले, ह्या प्रश्नाने पोलंडमधील ल्वूफ शहराच्या लुडविक फ्लेक नामक डॉक्टरास झपाटले. तो स्वतः रक्तपरीक्षा करणारा होता. १९३५ साली त्याने बाझेल येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असे प्रतिपादिले की, वैज्ञानिक तथ्य हे एका माणसास एका क्षणी सापडत नसते. अनेक हातांनी, अनेक वर्षांच्या सरावाने ते घडत जाते. वासरमानची परीक्षा आरंभी शंभरांत पंधरा-वीस रोगी ओळखी; द्रव्यांची प्रमाणे बदलता बदलता, अनामिक कारागिरांच्या अनुभवाने, ती सत्तर ते नव्वदांपर्यंत पोचली. पुस्तकाकडे त्या वेळी कोणी फारसे पाहिले नाही. फ्लेक ज्यू होता. त्यास पुढे आउश्विट्झ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत ढकलण्यात आले. तो वाचला, आणि १९६१ साली इस्रायलमध्ये वारला. त्याच्या पुस्तकाचा जगात गाजावाजा झाला तो १९७९ साली इंग्रजी भाषांतर निघाल्यानंतर.

चार जनावरांच्या रक्ताचा हा खेळ कष्टाचा, खर्चाचा आणि दोन दिवसांचाही असे. म्हणून पुढच्या संशोधकांनी तो सोपा केला. १९२३ साली अमेरिकेत रूबेन कान ह्याने अशी परीक्षा बसविली की, अर्क आणि रक्तरस एकत्र हालविले असता गुठळ्या दिसाव्यात. १९४६ साली अमेरिकन सरकारच्या गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळेत शुद्ध कार्डिओलिपिन वापरून काचेच्या पट्टीवर काही मिनिटांत होणारी परीक्षा सिद्ध झाली, आणि त्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव 'व्हीडीआरएल' पडले. आपल्या देशातील गर्भवती स्त्रिया, रक्तदाते, आणि नोकरीत शिरणारे उमेदवार ह्यांच्यापैकी असंख्यांच्या कागदांवर ही चार अक्षरे उमटली आहेत. ह्या परीक्षेस लागणारे द्रव्य कलकत्त्याच्या सीरॉलॉजी संस्थेतून देशभर जात असे. ती संस्था म्हणजे इंग्रजी अमदानीतील 'इंपीरियल सीरॉलॉजिस्ट'च्या कचेरीची वारस. खुनाच्या खटल्यातील कपड्यांवरील डाग माणसाच्या रक्ताचे की जनावराच्या, हे ठरविणे आणि उपदंशासाठी रक्त तपासणे, ही दोन्ही कामे त्या एकाच कचेरीत चालत. न्यायालय आणि इस्पितळ ह्यांच्या शेजारधर्माचे हे उदाहरण आम्हांस मोठे सूचक वाटते.

निदानाचे साधन हाती आले तेव्हा राज्यकर्त्यांपुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट विश्वासाची. ह्या वाटेशी मुंबई इलाख्याचा एक अनपेक्षित संबंध आहे. १९०७ ते १९१३ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉर्ज क्लार्क, म्हणजेच पुढचे लॉर्ड सिडनहॅम, हे लोकमान्यांवर १९०८ साली खटला झाला त्या वेळी अधिकारारूढ होते; मुंबईचे सिडनहॅम कॉलेज त्यांचेच नाव धारण करते. मराठी मनात त्यांच्याविषयी प्रेम असण्याचे कारण नाही. पण विलायतेस परतल्यावर १९१३ साली गुप्तरोगांविषयी जे राजकीय कमिशन नेमले गेले त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि १९१६ साली त्या कमिशनने जो अहवाल दिला तो ह्या विषयातील मैलाचा दगड ठरला. मोठ्या शहरांतील लोकसंख्येपैकी निदान दहा टक्के लोकांस उपदंश असावा, असे त्यात म्हटले होते. उपाय म्हणून कमिशनने कोंडवाडे सुचविले नाहीत. वासरमानची परीक्षा सर्वांस मोफत मिळावी, उपचार मोफत व्हावेत, रोग्याचे नाव गुप्त राहावे, आणि खर्चाचा तीन-चतुर्थांश भार मध्यवर्ती तिजोरीने सोसावा, अशी योजना अमलात आली. माणूस आपण होऊन दवाखान्यात यावा, ही त्यामागची दृष्टी होती. छावणी कायद्याच्या नेमकी उलट अशी ही दृष्टी होती.

दुसरी वाट सक्तीची आणि फसवणुकीची. ती सरकारी आज्ञापत्रानेच आखली जाते असे नाही. विद्वत्तेच्या मार्गानेही माणूस तिच्यावर जातो. वर उल्लेखिलेल्या नाइसरने १८९० नंतरच्या दशकात उपदंशी रोग्यांचा रक्तरस काही स्त्रियांस टोचला. त्यांत वेश्या होत्या, आणि त्यांची संमती घेतलेली नव्हती. काहींना उपदंश झाला. गवगवा होऊन नाइसरला दंड झाला, आणि १९०० साली प्रशियाच्या सरकारने इस्पितळांस हुकूम पाठविला की, रोग्यास नीट समजावून दिल्यावाचून व त्याच्या संमतीवाचून असले प्रयोग करू नयेत. एवढा धडा मिळूनही अमेरिकेत काय घडले पाहा. १९३२ साली अलाबामा राज्यातील टस्कीगीच्या परिसरात सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णी पुरुषांची निवड केली. त्यांपैकी ३९९ जणांस उपदंश होता. त्यांना 'दूषित रक्ता'वर उपचार चालू आहेत असे भासविण्यात आले. रक्त घेतले जाई, पाठीच्या कण्यातील पाणीही काढले जाई, आणि ही तपासणी हाच उपचार आहे असे त्यांस वाटू दिले जाई. १९४३ साली पेनिसिलिन उपदंशावर रामबाण ठरले, तरी ते त्यांस दिले नाही. हा प्रकार १९७२ पर्यंत चालला, चाळीस वर्षे! अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याबद्दल क्षमा मागितली ती १९९७ साली. परीक्षा ही उपचाराची पहिली पायरी आहे. पुढची पायरीच काढून टाकली तर परीक्षा म्हणजे निव्वळ छळ उरतो.

पेनिसिलिनचा उल्लेख आला म्हणून सांगतो की, आपल्याकडे ते तयार होऊ लागले पुण्याजवळ पिंपरीस, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात, १९५५ साली. रोगाची भीती त्यामुळे निम्म्याने ओसरली. परंतु परीक्षेच्या निकालाची भीती मात्र तशीच राहिली, आणि तीस एक सबळ कारण होते. कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिद्रव्ये केवळ उपदंशातच निर्माण होतात असे नाही. हिवतापात, कुष्ठरोगात, कधी गरोदरपणातही ती आढळतात. ज्या देशात हिवताप आणि महारोग घरोघर होते त्या देशात ह्या परीक्षेने किती निरपराध माणसांवर ठपका ठेवला असेल, ह्याची कल्पनाच करावी. पुन्हा 'यॉज' नावाचा एक त्वचारोग बस्तर, ओरिसा आणि आपल्या चांद्याकडील जंगलांत आदिवासी मुलांना होत असे. त्याचा जंतू उपदंशाच्या जंतूचा सख्खा भाऊ. हा रोग साध्या स्पर्शाने पसरतो, त्याचा संभोगाशी काडीचा संबंध नाही. पण रक्ताच्या परीक्षेत उपदंश आणि यॉज ह्यांत भेद करता येत नाही. म्हणजे लहानपणी यॉज झालेल्या एखाद्या गोंड गृहस्थाचे रक्त म्हातारपणी तपासले, तर अहवालात जे उमटेल त्यावरून त्याच्या चारित्र्याविषयी तर्क करणे हा घोर अन्याय होय. भारत यॉजमुक्त झाल्याची जागतिक आरोग्य संघटनेने ग्वाही दिली ती २०१६ साली.

हा दोष निवारण्यासाठी १९४९ साली अमेरिकेत नेल्सन आणि मेयर ह्यांनी सशाच्या शरीरात पोसलेले जिवंत जंतूच वापरून परीक्षा बसविली. रोग्याच्या रक्तरसात ते जंतू निश्चेष्ट झाले तर रोग नक्की. ती फार अवघड म्हणून पुढे १९६० नंतरच्या दशकात तिच्या सोप्या आवृत्त्या निघाल्या. तेव्हापासून नियम असा पडला की, एका परीक्षेवर निकाल देऊ नये. कार्डिओलिपिनची परीक्षा रोगाची चढउतार दाखविते. तिचा आकडा उपचारानंतर खाली येतो. जंतूंवर आधारलेली परीक्षा खरेखोटे ठरविते. पण ती एकदा होकारार्थी आली की बहुधा जन्मभर तशीच राहते. एक साक्षीदार आजची हकीगत सांगतो, दुसरा पूर्वी केव्हा तरी घडलेली. दोघांची जबानी जुळवून पाहावी लागते. आणखी गंमत अशी की, ज्या स्त्रियांच्या रक्ताने उपदंश नसताना खोटी साक्ष दिली, त्यांतील काहींना पुढे रक्त गोठण्याचा व वारंवार गर्भपात होण्याचा एक वेगळाच विकार असल्याचे १९८० नंतरच्या दशकात उमगले. साक्ष खोटी नव्हती. प्रश्न चुकीचा विचारला गेला होता.

हा सगळा इतिहास आपल्या देशात पुन्हा एकदा, थोड्याच वर्षांत, घडून गेला. १९८५ साली अमेरिकेत एचआयव्ही विषाणूसाठी रक्तपरीक्षा प्रचारात आली. त्या वेळी आपल्याकडे हा रोग परदेशचा, आपल्या संस्कृतीत त्यास थारा नाही, असे जाणती माणसेही म्हणत होती. 'फिरंग' शब्दामागची समजूत चारशे वर्षांनी नव्या वेषात आली, एवढेच. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सॉलोमन ह्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापिका होत्या. त्या मूळच्या गायतोंडे. मद्रासेत व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातील कन्या. त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला ह्या विषाणूचा शोध घेण्याचे काम दिले. निर्मलाबाईंनी ऐंशीहून अधिक स्त्रियांचे रक्त जमविले. ह्यांपैकी बऱ्याचजणी वेश्याव्यवसायाच्या कारणाने सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या होत्या. साधने तुटपुंजी, नमुने घरच्या शीतकपाटात ठेवावे लागले. १९८६ साली पतीसमवेत त्या ते नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. तेथे सहा नमुन्यांचा रंग पालटला. अमेरिकेत फेरतपासणी झाली व निकाल कायम ठरला. भारतात हा रोग आला आहे, हे प्रथम ह्या दोन स्त्रियांमुळे देशास कळले, आणि रक्तपेढ्यांतील तपासणीस चालना मिळाली. डॉ. सॉलोमन ह्यांनी पुढे १९९३ साली गायतोंडे ह्या नावानेच मद्रासेत उपचारकेंद्र काढले. २०१५ साली त्या निवर्तल्या, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. दूरच्या प्रांतात राहून मराठी माणसाने केलेल्या कार्यात ह्या कार्याचे स्थान फार वरचे आहे.

तथापि ह्या यशोगाथेतही एक सल आहे, तो झाकू नये. आपण कशासाठी रक्त घेत आहो हे त्या स्त्रियांना सांगितले नव्हते, असे निर्मलाबाईंनी पुढे मुलाखतीत सरळपणे सांगितले. नेहमीच्या गुप्तरोगांची तपासणी चालली आहे असे त्या बिचाऱ्या समजत होत्या. हेतू शुद्ध होता, देशाचे हित झाले. पण बंदिस्त स्त्रीचे रक्त विचारल्यावाचून घेण्याची चाल १८६४ पासून किती खोल रुजली होती, ह्याचे हे प्रत्यंतर नव्हे काय?

गोव्यात १९८९ साली जे घडले ते तर लॉक हॉस्पिटलचीच पुनरावृत्ती होती. डॉमिनिक डिसूझा हा तरुण स्वेच्छेने रक्तदान करीत असे. त्याच्या दान केलेल्या रक्तात विषाणू आढळला. त्यास काही न सांगता पोलिसांकरवी बोलावून घेतले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशास एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकाकी ठेवले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्यास घरी जाऊ दिले, पण विलगीकरणाचे कलम मात्र वैध ठरविले. परोपकारासाठी रक्त देणाऱ्याचे रक्तच त्याच्याविरुद्ध साक्षीस उभे राहिले! डिसूझाने उरलेले आयुष्य अशा रोग्यांच्या सेवेस वाहिले. १९९२ साली तो वारला. ह्याच उच्च न्यायालयाने १९९७ साली मात्र निराळा सूर लावला. एका सरकारी उपक्रमातील हंगामी कामगारास केवळ रक्तपरीक्षेच्या निकालावरून कामावरून दूर केले होते. तो काम करण्यास समर्थ असेल आणि इतरांस त्याच्यापासून धोका नसेल तर असे करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. शेवटी २०१७ साली संसदेने ह्या विषाणूविषयी जो कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. समजावून दिलेली संमती घेतल्यावाचून परीक्षा करू नये, निकाल गुप्त राखावा, आणि निकालाच्या आधारे नोकरीत किंवा शिक्षणात भेदभाव करू नये, ही तत्त्वे त्याने कायद्याच्या भाषेत उतरविली.

आज परीक्षेचे तंत्र कोठल्या कोठे गेले आहे. बोटाच्या टोकावरील एका थेंबात उपदंश आणि एचआयव्ही ह्या दोहोंचा अंदाज पाव तासात मिळतो. परम्याच्या जंतूचे जनुकद्रव्य लघवीच्या नमुन्यातून हुडकता येते. सरकारी इस्पितळांत 'सुरक्षा क्लिनिक' ह्या नावाने मोफत सोय झाली आहे. गरोदर स्त्रीची परीक्षा वेळेवर झाली आणि तिला पेनिसिलिनची एक सुई मिळाली, तर तिचे मूल उपदंशापासून बहुधा वाचते. ज्या अर्भकाच्या यकृतापासून वासरमानने आरंभ केला, तसे अर्भक आता जन्मास येण्याचे कारण उरलेले नाही. तरीही अशी मुले जन्मतात, कारण आई तपासणीस येत नाही, किंवा येऊनही लाजेने अर्ध्या वाटेवरून परत फिरते.

म्हणून अधिकारपदावरील आमच्या वाचकांस आमचे सांगणे एवढेच आहे. आपल्यासमोर जेव्हा असा एखादा अहवाल येईल, तेव्हा त्यावर शेरा लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. परीक्षा कोणती केली, आणि दुसऱ्या परीक्षेने तिला दुजोरा मिळाला आहे काय? ज्याचे रक्त घेतले त्यास ते कशासाठी घेतले हे ठाऊक होते काय? आणि हा कागद आपल्यापर्यंत येण्याची खरोखर गरज होती काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो कागद बंद पाकिटात घालून जेथून आला तेथे परत पाठवावा. सिडनहॅमसारख्या कडव्या साम्राज्यवाद्यासही जे उमगले ते आपल्या स्वराज्यातील कचेऱ्यांस उमगू नये, असे आम्हांस वाटत नाही.